घरी सराव करू नये

आमच्या हिला चाळीसपैकी चौतीस मार्क पडले आणि म्हणून ती नापास झाली. एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, गठ्ठ्यांनी पेपर तपासले, पण असा निकाल मी कधी लावला नव्हता आणि कुणी लावलेला पाहिलाही नव्हता. तरी यात पेपर काढणाऱ्यांची काही चूक नाही, हिची तर नाहीच. चूक माझी. आणि ती मी पूर्ण शुद्धीत, रोज सकाळी नऊ ते साडेअकरा अशी वेळ लावून, हातात पट्टी घेऊन केली.

ही एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. सव्वीस वर्षं कानाला हेडफोन आणि तोंडासमोर माइक. दिवसभर परक्या माणसांना ‘लाइनवर राहा’ म्हणायचं आणि घरी आल्यावर उरलेलं सगळं मला सांगायचं. मी हिला एक्स्चेंज म्हणायचो. कुणाचं सुनेशी बिनसलंय, कुठला साहेब कुणाचा फोन आला की जागेवर नसतो, सगळं हिला तोंडपाठ. एका वाक्यात तीन वाक्यं सुरू करायची आणि तिन्ही पूर्ण करायची. मी पडलो मितभाषी. ती बोलायची, मी ‘हं’ म्हणायचो, असा आमचा संसार ठीक चालला होता.

मग मागच्या वर्षी हिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. उजवा हात महिनाभर लुळा होता, तो आला ताळ्यावर. पाय आला. वाचा आली नाही. म्हणजे सगळं कळतं, हसते, रागावते, मी भाजीत मीठ विसरलो तर ताट सरकवते. पण तोंडातून एकच गोष्ट निघते: लाइनवर राहा. भूक लागली, लाइनवर राहा. पाठ खाजवतेय, लाइनवर राहा. आमची मुलगी दूर असते, तिचा फोन आला की ही रडत रडत म्हणते, लाइनवर राहा, आणि ती बिचारी खरंच राहते. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जे वर्षानुवर्षं घासलं गेलंय तेवढं कधी कधी शिल्लक उरतं. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत हिनं मला हजारदा ‘ऐकताय ना’ असं विचारलं असेल, तेवढं तरी उरायचं.

दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई आठ वेळा आल्या. नवव्या वेळी त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, “आता घरी बोलतं ठेवा त्यांना.” म्हणजे काय ते मला कळलं. मीही काही पोरांच्या पालकांना ‘घरी लक्ष द्या’ म्हणत असे.

त्याच दवाखान्याच्या सूचनाफलकावर तो कागद होता. विद्यापीठात अभ्यास चालू आहे, वाचा गेलेले रुग्ण हवेत. उपचार सुरू होताना झटका येऊन सहा महिने झालेले असावेत, वर्ष उलटलेलं नसावं. तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन चाचण्या होतील. मग सहा आठवडे रोज दोन तास उपचार: डोक्यावर तारांची टोपी, त्यातून अगदी हलकी वीज, आणि तारा चालू असताना बोलण्याचा सराव. असं आणखी कुठंच होत नव्हतं. माझी चौकशी करून झाली होती, मुलीचीही तिकडून करून झाली होती. हिच्या वर्षाला तेव्हा जेमतेम सहा आठवडे उरले होते. कागदाच्या तळाला लिहिलं होतं, एकूण बारा जागा.

तिथंच सगळं घोडं अडलं. चाचणी आणि बारा जागा हे दोन शब्द मी एका दमात वाचले, आणि माझ्या डोक्यानं एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. म्हटलं, ही प्रवेश परीक्षा आहे.

पहिल्या चाचणीला आम्ही अर्धा तास आधीच पोचलो. तिसरा मजला, लांब बोळ, शेवटची खोली. आत भिंतींना आवाज शोषणारं राखाडी कापड मारलेलं. भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं होतं, त्याचा खिळा तेवढा राहिला होता. हिच्यासाठी हाताची खुर्ची, समोर पडदा, आणि मागे कोपऱ्यात माझ्यासाठी साधी खुर्ची. चाचणी घेणारी मुलगी पंचविशीची असेल, केस क्लिपमध्ये कसेबसे कोंबलेले, बोलायला गोड.

“काका, आधी हे वाचून घ्या,” ती म्हणाली. संमतीपत्र होतं, अकरा पानांचं. वर्गात मी घसा फोडून सांगायचो, आधी प्रश्न वाचा, मग पेन उचला. इथं मी अकराच्या अकरा पानांवर सही ठोकली आणि तिला म्हटलं, “वाचलं. चला.”

पडद्यावर एकेक चित्र येई. वीस सेकंदांत नाव सांगायचं, नाही आलं की टिंग व्हायचं आणि पुढचं चित्र. चमचा आला. ही त्याच्याकडे ओळखीनं बघून हसली आणि म्हणाली, “लाइनवर राहा.” कुलूप, लाइनवर राहा. कंगवा आला तेव्हा केसांवरून हात फिरवून दाखवला, पण शब्द नाही. मधेच एखादा शब्द चुकार वासरासारखा बाहेर यायचा, “हत्ती,” आणि ही स्वतःच दचकायची. बाविसावं चित्र टेलिफोनचं होतं, जुना, गोल तबकडीचा. तो बघून ही ताठ बसली. डावा हात कानाशी गेला आणि अगदी बोर्डावरच्या आवाजात, स्वच्छ, गोड म्हणाली, “लाइनवर राहा.” मुलीनं शून्य भरलेलं मला मागून दिसलं.

मागच्या खुर्चीनं बोलायचं नाही असा नियम होता. तरी मी बोललो. “अहो ताई, टेलिफोन बघून ती हेच म्हणणार. बरोबर आहे ते.”

“चित्राचं नाव यायला हवं, काका.”

“अर्धा तरी द्या.”

“अर्धा नसतो, काका.”

चाळीसपैकी नऊ आले. मी विचारलं, नऊ चालतील का? ती हसली. “यात पास-नापास काही नसतं हो.” पालक विचारायला आले की मीही अगदी असंच हसून हेच सांगायचो, आणि मनात मेरिट लिस्ट तयार असायची. त्यामुळे मी काही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

मुलं मला गेस-मास्तर म्हणायची. परीक्षेत काय येणार ते मी आधी सांगायचो आणि तेच यायचं. जादूबिदू काही नव्हती, मला पेपर एकदा बघितला की क्रमासकट लक्षात राहतो, इतकंच. आम्ही जिना उतरून खाली आलो तोवर चाळीस चित्रं माझ्या डोक्यात लावून झाली होती. बसच्या थांब्यावर बसून मी ती औषधाच्या कागदामागे उतरवली. ही शेजारी बसून पायांनी ठेका धरत होती. तिला वाटलं असेल मी कोडं सोडवतोय.

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरू झाला.

जुन्या कॅलेंडरची पानं कापून मी मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढली. चित्रकला माझी यथातथाच. माझा हत्ती बघून ही इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं; तो किटलीसारखा दिसत होता. तेवढंच काय ते हसणं. मी समोर पान धरायचो, पहिलं अक्षर द्यायचो आणि टेबलावर पट्टी वाजवायचो. “च…” टक. “चम…” टक. बारा जागांसाठी किती जण आले असतील या विचारानं पट्टी जोरात पडायची.

आठवड्यानं दहा शब्द बसले. मग वीस. बसले म्हणजे कसे, तेही सांगतो, लपवून काय उपयोग. ही पानांकडे बघतच नव्हती. चमचा म्हटलं की मागोमाग कुलूप, कुलपामागे कंगवा, पाढा म्हणावा तसं. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडाली आणि मी गडबडीत उलटसुलट उचलली, तर हिला एकही सांगता येईना. शिडीचं पान समोर धरलं, तर ही परत पहिल्यापासून, “चमचा, कुलूप, कंगवा…” करत सतराव्याला पोचली आणि म्हणाली, “शिडी.” जन्मभर ज्या घोकंपट्टीला मी शिव्या घातल्या ती माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसली होती. मला ते दिसलं. मी न दिसल्यासारखं केलं. पानं पुन्हा क्रमानं लावली आणि म्हटलं, “हं, पहिल्यापासून.”

टेलिफोनचा टेलिफोन मात्र शेवटपर्यंत झाला नाही. तिथं ती लाइनवर राहा म्हणायची ते म्हणायचीच. गेला एक मार्क तर गेला, म्हटलं.

आमच्या मुलीचा फोन आला. मागे पट्टीचा आवाज ऐकून म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला क्लासला बसवलंय का?”

“उजळणी चालू आहे.”

“अहो, ती चाचणी आहे. आईची अवस्था बघायला. तुम्ही तिची काय दहावी करून घेताय?”

“बारा जागा आहेत,” मी म्हटलं. “तुला काय कळतंय?”

करवत हा विसावा शब्द. तो काही केल्या निघेना. होडी यायची, मेणबत्ती यायची, करवत नाही. एके सकाळी मी तो बारा वेळा घेतला. बाराव्या वेळी माझा तोल गेला. “बोल ना,” मी ओरडलो. “तोंड आहे ना तुला? बोल.” हिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. घट्ट. जणू मी गप्प बस म्हणालो होतो.

ते मी म्हणालोही होतो. आज नाही, त्या दिवशी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांना नाही, मुलीला नाही. रविवार होता. मी पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत बसलो होतो आणि ही स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती, कुणाच्या तरी बदलीचं. मी म्हटलं, “अगं, एक तास गप्प बसशील का? उपकार होतील.” ती गप्प बसली. मला वाटलं रागावली. बरं वाटलं मला. घरात इतकी शांतता कधी नसायची. चाळीस मिनिटं मी ती शांतता चवीनं खाल्ली, कोडं सगळं सुटलं, आणि मग चहा मागायला आत गेलो. ही स्टुलावर बसली होती, मांडीवर दुधाची पिशवी, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती देव जाणे. दवाखान्यात त्यांनी विचारलं, किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ताच, दहा मिनिटं. नंतर डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, या आजारात एकेक मिनिट मोलाचं. मी मान डोलावली.

म्हणून मला ती जागा हवी होती. हिच्यासाठी हवी होती हे खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही. हिला जर पुन्हा बोलता आलं नाही, तर मी या बाईला म्हटलेलं शेवटचं वाक्य, ज्याला ती नीट उत्तर देऊ शकली असती, ते ‘गप्प बस’ हे राहणार होतं.

मी हिचा हात तोंडावरून काढला आणि म्हटलं, “क…” टक.

दुसऱ्या चाचणीला मी हिला ठेवणीतले कपडे घातले. चित्रं त्याच क्रमानं आली. गेस-मास्तर चुकला नव्हता. “चमचा,” ही म्हणाली. “कुलूप. कंगवा.” ती मुलगी आधी आनंदानं हसली. दहाव्या चित्राला तिचं हसू थांबलं. पंधराव्याला तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर छताकडे नेली. करवत आली, हिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, “करवत.” मी खुर्चीच्या कडा धरून बसलो होतो, नाहीतर टाळ्याच वाजवल्या असत्या. शेवटी शेवटी थोडी घसरली, पण चौतीस. नवावरून चौतीस.

मुलगी उठून बाहेर गेली, पाच मिनिटांनी आली आणि हिच्या समोर गुडघ्यावर बसली. “काकू, तुमची खूपच सुधारणा झालीये. किती छान वाटतंय मला.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “काका, पण मग आम्हाला यांना घेता येणार नाही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“दोन्ही चाचण्यांचे आकडे जवळजवळ सारखे यावे लागतात,” ती म्हणाली. “म्हणजे मग उपचारानंतर आकडा वाढला तर कळतं, की तो उपचारानंच वाढला. ज्यांचं आपोआप सुधारतंय त्यांच्यात ते कसं कळणार?”

“आणि आज नऊच आले असते तर?”

“तर काय, परवापासून सुरू केलं असतं. एवढीच तर जागा राहिली होती.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मराठीच्या बदली तासाला मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचो. खोलीत टेबल होतं, टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, भिंतीवर तो खिळा होता, आणि ही पडद्याकडे बघत पुढच्या चित्राची वाट बघत होती. मी म्हटलं, “ताई, सुधारणा वगैरे काही नाही. मी पाठ करून घेतलंय. चाळीसच्या चाळीस, घरी, चित्रं काढून. तिला एक शब्द येत नाही हो. तुम्ही काहीही विचारा. तिला काहीसुद्धा येत नाही.” हे मी हिच्यासमोर बोललो. ही माझ्याकडे बघत होती आणि हिला सगळं कळतं.

मुलीनं यंत्रावर यादीतलंच एक चित्र क्रम सोडून लावलं. एकटं घुबड. हिनं ते पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाहिलं. “लाइनवर राहा,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

मग त्या मुलीनं संमतीपत्र आणलं आणि सातवं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. चौदावा मुद्दा: चाचणीतील चित्रांचा किंवा शब्दांचा घरी सराव करू नये. खाली माझी सही, वळणदार, वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकांवर केलेली.

“सर गावाला गेलेत,” ती म्हणाली. “सोमवारी या. मी सांगून बघते.”

ते तीन दिवस मी घरात पट्टी दिसेल तिथून उचलून दुसरीकडे ठेवत होतो. ही रोज नऊ वाजता आपणहून टेबलाशी येऊन बसायची. मी म्हणायचो, “आज सुट्टी.” ती बसूनच राहायची.

सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत गेलो. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, शांत माणूस, बोलताना समोरची टाचणी इकडून तिकडे करायची सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

“आमच्याकडे चित्रांची दुसरी यादी आहे,” ते म्हणाले. “पण ती घ्यायची तर पुन्हा दोन चाचण्या, तीन आठवड्यांच्या अंतरानं. आणि यांचं वर्ष पूर्ण व्हायला उरलेत पंधरा दिवस.”

एकवीस वजा पंधरा. गणिताच्या मास्तराला हे कुणी सांगायला नको. “सहा दिवसांचा तर प्रश्न आहे,” मी म्हटलं. “सहा दिवसांनी काय होतं? मेंदूला काय कॅलेंडर कळतं?”

“मेंदूला नाही कळत. पण आम्ही सहा दिवस सोडले, तर मोजतोय काय ते आम्हालाच कळणार नाही.”

“अंतर दोन आठवड्यांचं करा.”

“करता येत नाही, काका.”

मी हात जोडले. एकतीस वर्षांत दहा मिनिटं उशिरा आलेल्या किती जणांना मी परीक्षेच्या दारातून परत पाठवलं असेल. तेही असेच हात जोडून उभे असायचे आणि मी घड्याळ दाखवायचो. मी म्हटलं, “साहेब, चूक माझी आहे, शिक्षा तिला का? मला काय हवं ते करा. माझ्यामुळे झालंय हे. हे सगळंच माझ्यामुळे झालंय.” त्यांना वाटलं मी पाठांतराबद्दल बोलतोय.

पुढचा अभ्यास कधी, विचारलं. दोन वर्षांनी, मंजूर झाला तर, आणि अट हीच. टाचणी एकदा इकडून तिकडे गेली. मग ते संकोचत म्हणाले, “ही काही विचारायची वेळ नाही, पण तुमची हरकत नसेल तर एक मदत हवी होती. साठीच्या पुढची निरोगी माणसं आम्हाला तुलनेसाठी मिळत नाहीत. नावं तर तुम्हाला येणारच. ती सांगताना डोक्यात काय चालतं ते त्याच टोपीनं, वीज न सोडता मोजायचं, बस. चित्रं आधी पाहिलीत तशी नोंद करू. दहा मिनिटांचं काम आहे.”

निरोगी. हिला हवी असलेली टोपी मला मिळत होती. मी नाही म्हणायला हवं होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. वाटलं, उपयोगी पडलो तर एखादं दार किलकिलं होईल. आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन करायचं काय होतं? या खेपेला मी अकराच्या अकरा पानं वाचली, एकेक ओळ, पेन बंद ठेवून. मग सही केली.

त्या मुलीनं माझ्या डोक्यावर टोपी बसवली आणि एकेका भोकातून थंडगार जेल सोडलं. ते कानामागून मानेवर ओघळलं. आता हाताच्या खुर्चीत मी होतो आणि मागच्या कोपऱ्यातल्या साध्या खुर्चीत ही, कारण हिला सोडायचं कुणाकडे?

“हलू नका काका. चित्र आलं की नाव सांगा. झालं.”

चमचा. कुलूप. कंगवा. हत्ती, चांगला हत्तीसारखा दिसणारा. मी सांगत गेलो. किती सोपं होतं ते. शब्द आपोआप जिभेवर येऊन उभे राहत होते, बोलावलंसुद्धा नव्हतं, आणि मला त्यांची लाज वाटू लागली. सोळा झाले. सतरावी शिडी आली आणि माझा गळा दाटला. शब्द होता, आवाज नव्हता. पडद्यावरची शिडी डोळ्यांतल्या पाण्यानं वाकडी झाली.

मागून आवाज आला. टक. खुर्चीच्या लाकडावर बोटाच्या पेराचा.

“शि…” ही म्हणाली.

मी वळलो नाही, तारा होत्या. टक. “शि…” अगदी माझ्याच सुरात, माझ्याच अधीरपणानं. मी अडलो होतो आणि ती मला पहिलं अक्षर देत होती.

मुलीचा हात यंत्रावर थांबला. “काकू, सांगायचं नसतं,” ती पुटपुटली. “काका, तुम्हाला येतंय ना? म्हणा.”

माझा गळा तोवर मोकळा झाला होता. मला म्हणता आलं असतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या मुलीला गप्प राहायची खूण केली.

टिंग. शिडीला मला शून्य. मेणबत्ती आली. मी बोललो नाही. मागे खुर्ची करकरली. “मे… मे…” टिंग. घुबड आलं. “लाइनवर राहा,” ही वैतागून म्हणाली, घुबडावर वैतागली की माझ्यावर कोण जाणे. टिंग. मी दात घट्ट मिटून बसलो होतो. मला ठाऊक आहे, चित्रं क्रमानं येत होती, ही त्याच पाढ्याची शेपटी असेल, यात उपचार नाही, सुधारणा नाही, पंधरा दिवस सरणार आहेत आणि ही जागा दुसऱ्या कुणाला जाणार आहे. ते सगळं मला ठाऊक आहे. करवत आली. सेकंद जात राहिले. मागून श्वासाचा आवाज येत होता, जड, चढणीवरचा. टक. “क…” टक. “कर…” मुलगी यंत्राकडे बघत नव्हती, हिच्याकडे बघत होती. “करवत,” ही म्हणाली.

मी गप्प बसलो. होडीला ती नुसतीच हसली, तरी गप्प बसलो.

मग टेलिफोन आला, तो जुना, गोल तबकडीचा. मागची खुर्ची सरळ झाल्याचं मला ऐकू आलं.

“लाइनवर राहा,” ही म्हणाली.

मी राहिलो. अजून अठरा चित्रं बाकी होती.